जुन्या पिकअपला आरपीएम मीटर: कामाच्या नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

आज कामाला हात घातला. गाडी जुनी, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, यांत्रिक पंप, पाच गिअर. डॅशबोर्डवर स्पीडोमीटर, डिझेलचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा आणि चौथ्या गोल खाचेत एक घड्याळ, तेही कधीचं बंद. याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीत त्या खाचेत आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा काटा, असायचा. जागा कारखान्यानेच ठेवलेली आहे, तेव्हा डॅशबोर्डवर वेगळी डबी चिकटवायची नाही. मीटर त्याच खाचेत, त्याच अक्षरांत, त्याच उजेडात बसला पाहिजे.

हे करायचं कारण असं. बाबांनी ही गाडी आयुष्यभर कानावर चालवली. मला तो कान नाही. त्यात गेल्या वर्षी केबिनमध्ये खाली आवाज दाबणारं अस्तर घातलं, त्यामुळे इंजिन आणखी लांब गेल्यासारखं वाटतं. मागच्या महिन्यात भरलेली गाडी चढावर चौथ्यात रेटत नेली आणि तापमानाचा काटा लाल रेघेजवळ गेला. बाबा शेजारी होते. म्हणाले, "अरे, इंजिन केव्हापासून रडतंय, तुला ऐकू येत नाही?" खरंच आलं नव्हतं.

उताराची भीती वेगळी. पंपातला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा कमाल वेग आवरणारा भाग, फक्त डिझेल तोडू शकतो. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात, तिथे घाईत खालचा गिअर पडला तर इंजिन किती फिरेल हे गव्हर्नरच्या हातात राहत नाही. तो आकडा डोळ्यांना दिसायला हवा.

आज फक्त कन्सोल, म्हणजे सगळ्या काट्यांची चौकट, बाहेर काढला. बॅटरीची ऋण वायर आधी सोडली. वरच्या कडेचे दोन आणि खालचे दोन स्क्रू, मग मागे हात घालून स्पीडोमीटरच्या केबलची क्लिप दाबली. मागची छापील तारांची पातळ शीट पिवळी पडलीय, पण कुठे तुटलेली नाही. डिझेल आणि तापमानाचे काटे एका छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरवर चालतात. तो आतल्या आत सतत चालू-बंद होत राहतो. त्या काट्यांना चालतं, कारण ते तापून हळूहळू सरकतात. आरपीएम मीटरला मात्र तिथून वीज अजिबात द्यायची नाही, हे लिहून ठेवतो.

शनिवार, १३ जानेवारी

सिग्नल कुठून घ्यायचा? पेट्रोल गाडीत हा प्रश्नच नसतो. इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावरून वायर आणली की झालं, चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या. डिझेलमध्ये ठिणगीच नाही.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, दातांसमोर चुंबकी सेन्सर बसवता येतो. दात पट्ट्यावर अवलंबून नसतात, म्हणून तो सगळ्यात खरा. पण त्यासाठी त्या चाकावरच्या कवचाला, बेल हाउसिंगला, भोक पाडावं लागतं आणि मला ते या गाडीला पाडायचं नाही. राहिला अल्टरनेटर, इंजिन पट्ट्याने फिरवतं तो वीज तयार करणारा भाग. त्याच्या आत तीन फेजची एसी वीज तयार होते आणि मग डायोडमधून डीसी होऊन बाहेर पडते. डायोडच्या आधी, एका फेजवरून वायर काढली की इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होणारी लहर हातात येते. पुष्कळ डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरवर यासाठी डब्ल्यू नावाचं टोक आयतं असतं. माझ्यावर नाही. तिथे प्लास्टिकचं बूच आहे आणि बुचाच्या मागे काही नाही. उद्या अल्टरनेटर उघडायचा.

रविवार, १४ जानेवारी

अल्टरनेटर बाकावर. रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या चुंबकाच्या, नख्या मोजल्या: एकूण १२. म्हणजे ६ उत्तर, ६ दक्षिण, आणि अल्टरनेटरच्या एका फेऱ्याला ६ लहरी. हा आकडा अंदाजाने धरू नये, सगळ्या अल्टरनेटरांत तो सारखा नसतो. उघडलाच आहे तर नख्या मोजायच्या.

स्टेटरच्या, म्हणजे स्थिर गुंडाळीच्या, तीन जाड तारा डायोडच्या पट्टीला जिथे जोडलेल्या आहेत, तिथे मधल्या तारेला नवी वायर आधी पिळून, आवळून घेतली, मग वरून सोल्डरचा डाग दिला. नुसत्या डागावर वायर टांगायची नाही. इथे बराच ताप असतो, वर इंजिनाचा थरथराट, आणि सुटलेलं टोक आतल्या आत बॉडीला लागलं तर डायोड जातील. वायरीवर ताप सोसणारी नळी चढवली आणि ती बुचाच्या भोकातून रबरी ग्रोमेट घालून बाहेर काढली. बाहेर आल्या आल्या चार बोटांवर १ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज केबिनमध्ये ठेवला तर मधली सगळी वायर फ्यूजविना राहते.

उघडलाच होता म्हणून कार्बन ब्रश पाहिले. अजून निम्मे आहेत.

शनिवार, २० जानेवारी

पुलीचं गुणोत्तर, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटर किती फेरे घेतो. हा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकणार, म्हणून पूर्ण दुपार याला दिली.

आधी सोपा मार्ग करून पाहिला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीचा बाहेरचा व्यास १४२ मिलिमीटर, अल्टरनेटरच्या पुलीचा ६८. भागाकार २.०९. पण व्ही पट्टा पुलीच्या कडेवर नसतो, खाचेत आत बसतो. दोन्ही पुल्यांचा व्यास साधारण सारखाच घटतो, आणि लहान पुलीला ती घट जास्त भोवते. त्यामुळे खरं गुणोत्तर कडेवर मोजलेल्यापेक्षा नेहमी मोठं येतं.

म्हणून फेरेच मोजले. हीटर प्लग चारही काढले, म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येत नाही. क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला. दोन्ही पुल्यांवर खडूची रेघ आणि समोर तारेचा दर्शक. क्रँकचे पूर्ण १० फेरे दिले. अल्टरनेटरचे २२ पूर्ण झाले आणि वर दहावा हिस्सा. तीनदा केलं, तीनदा तेच. गुणोत्तर २.२१.

२.२१ गुणिले ६ म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला १३.२६ लहरी. दर हजार आरपीएमला २२१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २२१ लहरी. हा आकडा बाकाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिला.

रविवार, २१ जानेवारी

अल्टरनेटर जागेवर, पट्टा ताणून, इंजिन चालू. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून नव्या वायरीला लावला. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून प्रकाशावर चालणारा हातातला फेरेमापक, टॅकोमीटर, धरला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, गळ्यातलं सगळं काढून ठेवलं.

आयडलवर, म्हणजे रेस न देता, टॅकोमीटर ७६८, मल्टिमीटर १७० हर्ट्झ. हिशोबाने १६९.७ यायला हवे होते. व्यासावरचं २.०९ धरलं असतं तर हेच ८१३ दिसलं असतं आणि ३००० च्या जागी ३१७०च्या पुढे. इतकी चूक काट्यावर सरळ दिसते.

अंधार पडल्यावर आणखी एक पडताळा घेतला, तो मला फार आवडतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. पुलीवर खडूची एकच रेघ असेल, तर १५०० आरपीएमला दोन लुकलुकींमध्ये पुली बरोबर पाव फेरा फिरते आणि चार स्थिर रेघा दिसतात. ३००० ला दोन. रेस हळूहळू वाढवत नेली. १५०० च्या जवळ रेघा आधी मागे सरकत होत्या, मग मंदावल्या, मग चारही जागच्या जागी थांबल्या. त्या क्षणी मल्टिमीटरवर ३३१ हर्ट्झ. हिशोबाने ३३१.५. पण ध्यानात ठेवायचं, रेघा थांबलेल्या दिसतात, पुली फिरत असते. हात लांब.

रविवार, २८ जानेवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण मीटर बसण्याआधीच त्याचं पहिलं काम झालं.

वायर तात्पुरती केबिनपर्यंत आणली, मल्टिमीटर माझ्या मांडीवर, वही हातात. बाबांना गाडी चालवायला दिली. मागे निम्मं वजन भरलं होतं. बाबांना एवढंच सांगितलं, "नेहमीसारखी चालवा." मीटरचा पडदा माझ्याकडे वळवून ठेवला होता, त्यांना आकडा दिसत नव्हता.

दुसऱ्याचा तिसरा टाकताना क्लच दाबण्याच्या क्षणी हर्ट्झ: ४७०, ४७८, ४६६, ४७२. म्हणजे आरपीएम २१२७, २१६३, २१०९, २१३६. तिसऱ्याचा चौथा: ४६८, ४७५. सपाट रस्ता, चढ, वाऱ्याविरुद्ध, कशानेही फरक पडला नाही. साठएक आरपीएमच्या पट्ट्यात सगळं. इंजिनाच्या पुस्तकात कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २२०० ला दिला आहे. बाबांनी ते पान कधी उघडल्याचं मला आठवत नाही.

चढावर आकडा ३५५ च्या खाली आला की त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर जायचा. ३५५ म्हणजे १६००. मी विचारलं, कसं कळतं? ते म्हणाले, "पायाला कळतं. पेडल दाबतोय आणि गाडी काही बोलत नाही, मग खाली टाकायचा." म्हणजे निम्मा हिशोब कानाचा आणि निम्मा उजव्या तळव्याचा.

परतीच्या उतारावर तिसऱ्यात, ब्रेकला पाय न लावता, ७१० हर्ट्झपर्यंत जाऊ दिलं आणि तिथे ब्रेकने गाडी रोखली. ३२१३. त्याच्यावर एकदाही नाही.

माझ्या तबकडीवरचा हिरवा पट्टा कुठे रंगवायचा हे आज ठरलं: १६०० ते २२००.

शनिवार, ३ फेब्रुवारी

मोडीत निघालेल्या पेट्रोल मॉडेलचा मीटर मिळाला. खाचेत तंतोतंत बसतो, मागचे तीन स्क्रूसुद्धा शीटच्या भोकांवर येतात. तबकडी ८००० पर्यंतची. डिझेलला त्यातली निम्मी वापरात येणार, म्हणजे काटा कायम डावीकडे लोळणार. तबकडी नवी करून ५००० पर्यंत पसरवायची.

बाकावर १२ व्होल्ट देऊन सिग्नलच्या पिनवर ५ व्होल्टचे ठोके दिले. काटा हलेना. १२ व्होल्टचे दिले तर थरथरायला लागला, टिकेना. मागचं बोर्ड पाहिल्यावर कारण सापडलं. हा मीटर कॉइलवर राहायचा, आणि कॉइलच्या ऋण टोकावर ठिणगीच्या वेळी शेकडो व्होल्टचा झटका येतो. तो सोसण्यासाठी आत येताच मोठा रेझिस्टर बसवलेला आहे. माझे बारा व्होल्ट त्यातच जिरत होते. तो बदलून १० किलोओहमचा घातला. काटा सरळ उठला आणि जागेवर उभा राहिला.

रविवार, ४ फेब्रुवारी

अल्टरनेटर आणि मीटर यांच्या मधला बोर्ड. अल्टरनेटरकडून दर फेऱ्याला १३.२६ ठोके येतात, पेट्रोलच्या मीटरला २ हवेत. शिवाय ८००० ची जागा ५००० ला द्यायची म्हणजे त्या दोनाचे १.६ पट, ३.२. भागाकार पूर्णांकात येत नाही. वारंवारतेचं व्होल्टेज करणारी एलएम २९१७ ही जुनी चिप मला माहीत आहे, पण तिला पुढे काट्याचा वेगळा चालक लागला असता आणि ट्रिमर फिरवत बसावं लागलं असतं. मला आकडा हवा होता.

म्हणून आठ पायांचा छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम घालता येणारी चिप, घेतला, आणि प्रोग्राम चार ओळींचा. ३.२ आणि १३.२६ ला ५० ने गुणलं की १६० आणि ६६३. ठोका आला की खात्यात १६० जमा. खातं ६६३ किंवा वर गेलं की ६६३ वजा करायचे आणि एक ठोका बाहेर सोडायचा. उरलेली बाकी पुढच्या वेळेला तशीच राहते, म्हणून लांबवर हिशोब एकाही ठोक्याने चुकत नाही. बाहेरचा ठोका कधी चौथ्या, कधी पाचव्या लहरीला पडतो, पण काट्याच्या बुडाशी दाट सिलिकॉन तेल असतं, त्याला तो फरक जाणवत नाही.

आत येणाऱ्या बाजूला २२ किलोओहमचा रेझिस्टर, व्होल्टेज ५.१ वर रोखणारा झेनर, २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि लहरीचा स्वच्छ ठोका करणारा श्मिट ट्रिगर. विजेच्या बाजूला उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि झटका खाणारा टीव्हीएस डायोड. गाडी चालू असताना बॅटरीची वायर ढिली होऊन सुटली, तर अल्टरनेटर क्षणभर कितीतरी पट व्होल्टेज फेकतो. एवढा एक डायोड न लावल्यामुळे बोर्ड जळालेले पाहिले आहेत.

बाकावर २२१ हर्ट्झ दिले, काटा जुन्या तबकडीवर १६०० ला. ४४२ दिले, ३२०० ला. बरोबर, १.६ पट.

रविवार, ११ फेब्रुवारी

तबकडी. शेजारच्या स्पीडोमीटरची तबकडी स्कॅन केली, आकड्यांची जाडी आणि रेघांची लांबी त्यावरून घेतली. पांढरा दिसतो तो रंग पांढरा नाही, फिकट हिरवट आहे. तो जुळवायला चार छपाया लागल्या. नवा शुभ्र पांढरा शेजारी ठेवला असता तर रात्री तो एकटाच ओरडला असता. हिरवा पट्टा बारीक, आकड्यांच्या आतल्या बाजूने. लाल रेघ ४२०० ला, पुस्तकातल्या कमाल वेगाप्रमाणे.

काटा काढताना दोन चमचे समोरासमोर, खाली पुठ्ठा, आणि सारखा जोर. परत बसवताना शून्याच्या खुंटीवर टेकवून बसवला नाही. ४४२ हर्ट्झ चालू ठेवून काटा नव्या २००० च्या रेघेवर दाबला. शून्याला थोडा फरक पडला तरी चालेल, २००० ला पडून चालणार नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

मीटर कन्सोलमध्ये, कन्सोल डॅशबोर्डमध्ये. सिग्नलची वायर कवच असलेली, कवच एकाच टोकाला अर्थ केलेलं, म्हणजे बॉडीला जोडलेलं, हीटर प्लगच्या जाड केबलपासून लांबून आणली. कन्सोल बाहेर होताच म्हणून जुने पिवळट बल्ब काढून सगळीकडे एलईडी घातले. तबकड्या सुरेख दिसतात.

इंजिन चालू केलं. काटा शून्यावर.

फ्यूज ठीक. वायर ठीक. बाकावर चाललेला बोर्ड तोच. चार्जिंगचा दिवा विझला नव्हता, पण एलईडी बारीक गळतीवरही पेटलेले राहतात, म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं. वैतागून रेस दिली आणि काटा शून्यावरून एकदम २६०० वर उडाला. रेस सोडली तर आज्ञाधारकपणे ७७० पर्यंत खाली आला. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा शून्य. आज इथेच थांबतो.

सोमवार, १९ फेब्रुवारी

रात्री झोपताना उलगडलं, सकाळी खात्री केली. इंजिन चालू, आयडलवर बॅटरी १२.३ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्जच करत नव्हता, मग सिग्नल कुठून येणार?

चार्जिंगचा दिवा नुसता सूचना देत नाही. किल्ली फिरवल्यावर त्याच्या तारेतून अल्टरनेटरच्या रोटरला पहिला प्रवाह मिळतो, आणि त्यावर तो जागा होतो. तीन वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जायचा. एलईडीतून त्याचा विसावा हिस्सासुद्धा जात नाही. जोराने रेस दिल्यावर लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो कसाबसा जागा होत होता, म्हणून ती उडी.

त्या एका जागी जुना बल्ब परत बसवला. आयडलवर १४.१ व्होल्ट, काटा ७७० ला. मीटर लावला नसता तर ही चूक बॅटरी उतरल्यावरच कळली असती.

रविवार, २५ फेब्रुवारी

इंडिकेटर लावला की काटा त्याच तालावर टिचकी मारायचा. कन्सोलची अर्थ शीटवरच्या एका बारीक पट्टीतून जाते आणि सगळे दिवे तिच्यावरच. मीटर आणि बोर्डसाठी स्वतंत्र अर्थ वायर थेट बॉडीला. टिचकी गेली.

रविवार, १० मार्च

रस्त्यावरचा पडताळा, अल्टरनेटरशी काही संबंध नसलेला. मागच्या टायरवर खडूची खूण करून भरलेली गाडी पाच फेरे ढकलली: १०.५ मीटर. एका फेऱ्याला २.१. मागच्या चाकांच्या गिअरचं (डिफरन्शियलचं) गुणोत्तर ४.१, चौथा गिअर थेट एकास एक. जीपीएसवर ताशी ६० किलोमीटर असताना इंजिन १९५२ वर असायला हवं. काटा १९५० च्या रेघेवर.

संध्याकाळी परतताना हेडलाइट, पंखा, वायपर सगळं चालू होतं. तोच वेग, तोच गिअर, आणि काटा १८८० वर. चाकं खोटं बोलत नाहीत, म्हणजे पट्टा घसरतोय. घरी येऊन पाहिलं तर पट्ट्याच्या बाजू आरशासारख्या चकाकत होत्या. किंचाळत मात्र नव्हता, म्हणून कधी शंका आली नाही.

रविवार, १७ मार्च

नवा पट्टा. ताण असा, की मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबतो. १० फेऱ्यांची मोजणी पुन्हा केली, कारण नवा पट्टा खाचेत थोडा वर बसतो. दहा फेऱ्यांना २२ आणि अगदी किंचित कमी. तीनदा मोजलं, सरासरी २१.९. गुणोत्तर २.१९, दर फेऱ्याला १३.१४ लहरी. प्रोग्राममध्ये ६६३ चे ६५७ केले. सगळे दिवे लावून ताशी ६० ला काटा पुन्हा १९५० वर.

बाबांनी आज पहिल्यांदा मीटरसकट गाडी चालवली. जाताना त्याच्याकडे बघितलंच नाही. येताना चढावर काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आला, त्यांनी गिअर खाली टाकला आणि मग एकदा तबकडीकडे पाहिलं. "हे सोळाशे का?" मी हो म्हटलं.

बॉनेटच्या आतून एक पत्रा लावला आहे आणि त्यावर पक्क्या रंगाने लिहिलं आहे: फेजची वायर पिवळी, फ्यूज १ अँपिअर, नख्या १२, गुणोत्तर २.१९, जमा १६०, वजा ६५७. चार्जिंगच्या दिव्याला एलईडी लावू नये. पट्टा किंवा पुली बदलली तर फेरे पुन्हा मोजावेत.